बाराची नोंद

लेकीने आईला कुशीवर वळवलं आणि चादर बाजूला केली. माकडहाडावरची जखम गेल्या रविवारी नाण्याएवढी होती. आता तळहाताएवढी झाली होती.

"मावशी, हिची कूस बदलता ना वेळेवर?"

"तक्त्यावर आहे की सगळं," वृद्धाश्रमातली मावशी म्हणाली. तिच्या बगलेत चादरींचा गठ्ठा होता, हातात बेडपॅन.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकत होता. आठ वाजता कूस बदलली. दहा वाजता बदलली. बारा, दोन, चार, सहा. बदलली, बदलली, बदलली. भिंतीवरच्या घड्याळात अकरासुद्धा वाजले नव्हते.

"अहो, दुपार व्हायच्या आत संध्याकाळ उरकलीत की!"

मावशीने बेडपॅन खाली ठेवलं. "ओरडा ताई, हक्क आहे तुमचा. पण अकरा माणसं आणि मी एकटी. दुसरी होती ती सोडून गेली. कोणाला भरवू, कोणाला पुसू, आणि लिहीत कधी बसू? एकदाच भरून टाकते. आज तपासणी, म्हणून बाकीच्यांचे तक्ते सकाळी नव्याने लिहिले, दहापर्यंतच. यांचा तेवढा राहिला."

आई ऐकत होती. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. गैरहजर पोराची हजेरी लावा म्हटलं, तर शाळा डोक्यावर घेणारी. अर्धांगाच्या झटक्यात वाचा गेली, नजर मात्र तीच राहिली होती.

बाहेर बुटांचा आवाज आला. लेकीने उशाचा टॉवेल उचलला आणि तक्त्यावर टाकला. आपण हे काय करतोय, हे तिला टाकल्यावर कळलं.

तपासणीच्या बाई आत आल्या, मागोमाग हसरे संचालक. मागच्या महिन्यात याच माणसाने गोड आवाजात सांगितलं होतं, "पटत नसेल तर घेऊन जा." नेणार कुठे? चार ठिकाणचे उंबरे झिजवून झाले होते. घरी एक खोली, तिलाही दिवसभर कुलूप.

"आईची काळजी नीट घेतात ना?" बाईंनी विचारलं. मनापासून विचारलं, तेच जड गेलं. "मोकळेपणी सांगा. गरज पडली तर आजच ही जागा बंद करायला लावीन."

बंद! मग ही अकरा माणसं जाणार कुठे? आणि आई?

मावशी एकाच चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालत होती.

"नीट घेतात," लेक म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

आईने डोळे मिटून घेतले.

सगळे गेल्यावर लेक स्टुलावर बसून राहिली. बाराच्या ठोक्याला तिने आईच्या पाठीखाली हात घातला, हळूहळू दुसऱ्या कुशीवर वळवलं, मागे उशी लावली. आई कण्हली, पण डोळे उघडले नाहीत. निदान बाराची नोंद तरी खरी झाली.

मग तिने ऑफिसला फोन लावला.

"साहेब, अर्ध्या दिवसाची रजा पुरणार नाही. सहापर्यंत थांबावं लागेल इथे."

"बरं. आणि उद्या?"

तिने टॉवेल काढला, तक्त्याचं पान उलटलं. उद्याचंही सगळं लिहून झालं होतं.