चष्मेवालीची पत

चष्मेवालीनं आयुष्यात कुणाचा छदामही बुडवला नव्हता, आणि बँकेतल्या साहेबांना नेमकं तेच खटकलं.

"तुमचा काही इतिहासच दिसत नाही," पडद्याकडे बघत ते म्हणाले.

"मी कधी उधार घेतलंच नाही, साहेब."

"तेच म्हणतोय." साहेबांचा सूर एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखा लागला. "एखादं छोटं कर्ज घ्या, सहा हप्ते वेळेवर भरा, मग या. मध्येच बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून."

तिला घाई होती. ज्या दुकानात ती विशीपासून काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती, त्याचे मालक आता निवृत्त होणार होते. दुकान, काच कापायचं मशीन, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सगळं त्यांनी आधी तिला देऊ केलं होतं. पण थांबणार फक्त सहा महिने. त्यानंतर शेजारचा ज्यूसवाला रोकड घेऊन तयारच होता.

तेव्हा तिनं शोरूम गाठून विचारलं, "सहा हप्त्यांत मिळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती?" निघालं पायांना मालिश करायचं यंत्र. दोन गमबूट एकमेकांना चिकटवून आत भुंगा सोडावा, असं ते दिसायचं आणि वाजायचं. घरी तिनं वडिलांना, म्हणजे आप्पांना, सांगितलं की तुमच्या गुडघ्यांसाठी आणलंय. खरं कारण कळलं असतं तर दुकानाच्या पैशांसाठी आप्पांनी दुसऱ्याच दिवशी राहतं घर विकायला काढलं असतं. त्यांनी यंत्र नीट पुसून कोपऱ्यात ठेवलं आणि त्यात पायाचा अंगठासुद्धा घातला नाही. हप्ते फिटल्याशिवाय वस्तू आपली कशी?

पाच हप्ते गेले. सहावा सोमवारी होता. शनिवारी दुपारी ती घरी आली तर कोपरा रिकामा.

शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या. "आप्पा हातगाडीवर घालून घेऊन गेले गं. म्हणाले, परत करून मिटवतो एकदाचं. सकाळी हप्त्याचा फोन आला ना! केवढी समजूत काढत होते त्या बाईची."

"काकू, ती रेकॉर्ड केलेली बाई असते."

"मी म्हटलं त्यांना. तर म्हणाले, म्हणूनच ऐकून घेत नाहीये."

चष्मेवाली धावत सुटली. शोरूमच्या दारावर 'आवडलं नाही? परत करा, कर्ज बंद!' अशी पाटी होती. पहिल्या दिवशी ही पाटी बघून ती हसली होती.

आत आप्पा छातीशी मोबाइल कवटाळून उभे होते आणि काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली होती.

"काका, फक्त चार आकडे सांगा. मी टाकले की कर्ज बंद."

"नाही सांगणार."

"अहो, तुम्हालाच बंद करायचंय ना?"

"करायचंच आहे. पण इथं लिहिलंय, हा कोड कोणालाही सांगू नका. कोणालाही म्हणजे त्यात तूही आलीस."

"काका, मीच पाठवलाय तो!"

"मग तुला माहीत असणार. मला कशाला विचारतेस?"

अर्जावर तिनं आप्पांचाच नंबर दिला होता, म्हणून कोड त्यांच्याकडे आला होता; पण त्यांच्या हट्टाचं आज सोनं झालं. चष्मेवालीचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात रांगेतलं एक शहाणं गिऱ्हाईक बोललं, "सांगू नका हो काका. तुम्हीच टाइप करा की!"

आप्पांचा चेहरा उजळला. मुलीनं कीबोर्ड वळवून दिला आणि आप्पा एका बोटानं एकेक आकडा शोधू लागले.

"आप्पा, थांबा!"

"झालंच बघ. माझ्या गुडघ्यांपायी तुला लोकांचे फोन नकोत."

तीन आकडे पडले होते. चौथ्यावर टेकणारं बोट तिनं मुठीत धरलं.

"ते तुमच्या गुडघ्यांसाठी नव्हतंच."

मागच्या भिंतीवर वीस टीव्हींमध्ये एकच मासा वीसदा वळला. तिनं सगळं सांगून टाकलं. दुकान, साहेब, ज्यूसवाला. बोट अजून तिच्या मुठीत होतं.

"म्हणजे माझे गुडघे नुसते नावाला?"

"हो."

"आणि मी पाच महिने कण्हणं दाबतोय! दुखतंय कळलं तर तू आणखी काहीतरी हप्त्यावर आणशील म्हणून."

पडद्यावर कोडचे उरलेले सेकंद खाली खाली येत होते.

"काका, चौथा?" मुलीनं विचारलं.

आप्पा हलले नाहीत. "दुकानाचं कर्ज केवढं?"

तिनं कानात आकडा सांगितला. आप्पांनी डोळे मिटले. "आणि फेडायचं कधीपर्यंत?"

"सात वर्षं."

"तोवर मी असेन का?"

"नसलात तरी बँक मलाच विचारणार, आप्पा."

आप्पांनी बोट सोडवून घेतलं. काउंटरकडे, पडद्याकडे, लेकीच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग ते बोट त्यांनी सरळ खिशात घातलं. बाहेर राहिलं तर सवयीनं दाबून बसायचं. सेकंद संपले आणि पडदा विझला.

सोमवारी हप्ता गेला. आठवड्याअखेर साहेबांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "हं, आता दिसताय तुम्ही," असं म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवले.

त्या संध्याकाळी आप्पांनी काकूंना जिन्यातच गाठलं. "सात वर्षांचं आहे," ते म्हणाले. "बँकेचं. असं कुणालाही देत नाहीत."

काकूंचा चेहरा पडला. "आमच्या ह्यांना अजून एकसुद्धा नाही हो."