शिंगाचा काढा उकळणारी हंडी

मित्रांनो, बूड काळं पडलेली, कानाचा टवका उडालेली मी एक जुनी काढ्याची हंडी आहे. निवांत बसणं मला कधी जमलंच नाही. चूल विझली तरी माझ्या पोटात काहीतरी ढवळतच असतं.

तैवानमधल्या यिंगे गावच्या भट्टीत मी भाजली गेले आणि लुगांगला कुओ कुटुंबाच्या स्वयंपाकघरात आले. काढा लोखंडात उकळायचा नाही, मातीतच उकळायचा, ही तिथली रीत. म्हणून खोकला असो, बाळंतपण असो, पहिली हाक मला. घरची सून सू-चिन झाकण उचलून वास घ्यायची नि म्हणायची, "कडू आहे ना? मग गुण येणारच!" ते ऐकून मी फुलून जायचे.

गल्लीच्या टोकाला समुद्रमाता माझूचं देऊळ. तिथे संध्याकाळी देवीची कथा गाऊन सांगतात. सू-चिनची लेक पेइ-रुंग मागे उभी राहून ध्रुपद धरायची. तो गोड सूर खिडकीतून आला की वाटायचं, आईनेच डोक्यावर हात ठेवला.

मुलगी वयात आली, की उंची वाढावी म्हणून तिथल्या आया एक खास काढा देतात. त्यात मुळ्या, साली आणि हरणाच्या शिंगाच्या पातळ चकत्या असतात. पेइ-रुंगलाही तो सुरू झाला. पोर उंच झाली. पण पुढे तिची पाळी महिनोन्‌महिने येईना. जबड्यावर दुखरे फोड उठले. हनुवटीवर राठ, काळे केस आले आणि भांगातले विरळ झाले. देवळात कुणीतरी हसलं, तेव्हापासून ती तोंडावर मास्क लावू लागली. मग कथेलाच जाईना.

शेजारच्या म्येन काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं सू-चिन, लेकीचा लेक होतोय की काय? पाळी येत नाही म्हणजे रक्त कमी पडतंय पोरीचं. शिंग दुप्पट घाल!"

"खरंच की काय?" म्हणत सू-चिनने मूठभर चकत्या माझ्यात टाकल्या. मित्रांनो, त्या दिवशी मी किती खदखदले! ही माउली प्रेमानेच ओततेय हे मला दिसत होतं, आणि पोर वाटी तोंडाला लावताना डोळे मिटून रडतेय हेही दिसत होतं. हंडीला तोंड मोठं असतं, पण वाचा नसते.

काढ्याचा चोथा रस्त्यावर टाकायचा, लोकांच्या पायाखाली तुडवला गेला की दुखणं घराबाहेर जातं, असं तिथे मानतात. एका दुपारी आईने पेइ-रुंगला त्याच कामाला धाडलं. पोर चौकापर्यंत गेली. तिथे थांबली. मला चोथ्यासकट टॉवेलात गुंडाळलं आणि सरळ बसमध्ये चढली. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव झाकणाशी यायचा.

शहरातल्या दवाखान्यात तिने मला डॉक्टर ह्वांग बाईंच्या टेबलावर ठेवलं. "हे पिते मी. आणि हे असं झालंय," म्हणत तिने मास्क काढला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळं विचारून घेतलं, सू-चिनला बोलावलं, रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या भेटीलाही पोरीने मला सोबत नेलंच.

"हंडी घेऊन दवाखान्यात? लोक काय म्हणतील, कार्टे?" सू-चिन कुजबुजली.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरुषांचं म्हणतात ते संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच. हिच्या अंगात ते वाढलंय. सोनोग्राफी केली, दुसरी कारणंही तपासली. अंडाशयांचा त्रास आहे, पुष्कळ जणींना असतो."

"म्हणजे मी पाजलं म्हणून?" सू-चिनचा आवाज फाटला.

"तसं मी म्हणणार नाही. हा त्रास काढ्याशिवायही होतो. पण त्यात काय काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. म्हणून तो बंद. पाळीसाठी गोळ्या देते, केसांचं पुढे बघू. रोज चालायचं, गोड चहा कमी. केस लगेच जाणार नाहीत, महिने लागतील. धीर धरा."

"आई," पेइ-रुंग म्हणाली, "मला शिक्षा झालीय असं वाटायचं. आजार आहे, हे कुणी सांगितलंच नाही."

सू-चिनने मला उचललं आणि छातीशी धरलं. बसमध्येही तिने मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. मला मात्र राहवेना. घरी जाऊन ही पुन्हा चूल पेटवेल का?

तिने मला घासून फळीवर ठेवलं. मायलेकी रोज समुद्राच्या बांधावर चालू लागल्या. पाळी आली, फोड बसले. हनुवटीवरचे केस हट्टी निघाले, आणि देवीच्या जन्मोत्सवाचा दिवस उजाडला. पोर दार लावून बसली.

तिथे लग्नाआधी मुलीच्या चेहऱ्याला केस काढायचा दोरा लावत नाहीत. सू-चिनने पांढरी पूड आणली, दोऱ्याचं एक टोक बोटाला गुंडाळलं आणि दार वाजवलं.

"बाहेर ये. रीत मी बघून घेते. पण आधी सांग, लावू का? तुला चालेल?"

मग कडी वाजली. "दुखेल का गं?"

"दुखेल थोडं. ओरड खुशाल. ही माझूसुद्धा कुणाची तरी लेक होती, ती रागावणार नाही."

मित्रांनो, मी रिकामी आहे, आणि अजूनही आतून ढवळते. कारण कुठल्या तरी घरात माझी एखादी बहीण आत्ताही चुलीवर असेल. तुमच्या घरी ताई अचानक गप्प झाली, तोंड लपवू लागली, तर हसू नका. वाटी पुढे करण्याआधी तिच्याजवळ बसा आणि विचारा, तुला काय होतंय.