कोठारावरचं नाव

माणूस विकला गेला की आधी त्याच्या तोंडातली शिवी जाते, असं माझं मत होतं. ओविदिओ अकरा वर्षं माझ्या शेजारी बसून शर्यतीची गाडी हाकत होता. पुढच्याची धूळ नाकातोंडात गेली की तो त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. आणि चोपन्न सालच्या शेवटच्या शर्यतीत पठ्ठ्या तीन दिवस धूळ खात होता, तोंडातून ब्र नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ओविदिओ माझ्या बहिणीचा, देल्मिराचा, नवरा. तो गाडी चालवायचा आणि मी उजवीकडे सोबती. तेलाचा दाब बघायचा, पंक्चर काढायचं आणि हाताने बोलायचं. कारण त्या आवाजात कानाशी बोंब मारल्याशिवाय काही ऐकू येत नाही. त्याच्या मांडीवर एक थाप म्हणजे आवर, दोन म्हणजे हाण. पूर्वी तो माझ्या थापांना भीक घालत नसे. त्या वर्षी मात्र प्रत्येक थापेची वाट बघायचा. मला वाटलं, मन शर्यतीत नाही, दुसरं काय.

गाडी आमच्या दोघांची नव्हती, आमच्या सगळ्या गावाची, सांता क्लेमेंसियाची होती. इंजिनासाठी कुणी मेंढ्या विकल्या, कुणी लग्नातली अंगठी काढून दिली. रस्त्याकडेच्या गव्हाच्या कोठारावर गाव दर वर्षी चुन्याने ओविदिओचं नाव रंगवायचं, एकेक अक्षर माणसाएवढं. त्या वर्षी अजिंक्यपद आमच्यात आणि राजधानीचा ड्रायव्हर स्कापुसो याच्यात अडकलं होतं. ही शेवटची शर्यत जो मारेल, वर्ष त्याचं.

आता माझा संशय ऐका. सप्टेंबरात ओविदिओ दोनदा राजधानीला जाऊन आला. सुटे भाग आणायला जातो म्हणाला, आला हात हलवत. मग एकदा बटाटे सोलता सोलता देल्मिरा म्हणाली, "नाझारेनो, हा माझ्याकडे सरळ बघत नाही रे. मान वाकडी करून बघतो."

"बाई असेल," मी म्हणालो.

"बाई असती तर सरळ बघून खोटं बोलला असता. मी ओळखते त्याला."

आणि तिसऱ्या दिवशी तर कळसच झाला. धुळीत पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून आमच्यात रीत आहे: मागच्याने बंपरला हलकी धडक द्यायची, पुढच्याने उजवीकडे सरून डावी बाजू मोकळी करायची. हाडवैरीसुद्धा ही रीत मोडत नाही. ओविदिओने स्कापुसोला धडक दिली, स्कापुसो निमूट बाजूला झाला, आणि हा डावीकडे गेलाच नाही! उलट गाडी उजवीकडे चेपत राहिला. कुंपणाचे खांब माझ्या कोपराला चाटून जात होते.

"का नाही गेलास?" संध्याकाळी मी विचारलं.

"खड्डा होता डावीकडे."

"कुठला खड्डा? रस्ता ताटासारखा होता."

"होता म्हणालो ना, मेव्हण्या. येर्बाचा काढा गरम आहे तोवर पी." एवढं बोलून त्याने जाकिट काढून खुंटीला टांगलं. आतल्या खिशातून एक पाकीट डोकावत होतं. त्यावर राजधानीचा शिक्का होता.

हाताच्या काकणाला आरसा कशाला? शेवटच्या दिवशी सकाळी हॉटेलातून मी गावच्या क्लबात फोन लावला. बेकरीवाला बासिलिओ क्लबचा अध्यक्ष होता.

"बासिलिओ, तो विकला गेलाय."

"खात्री आहे?"

"माझी बहीण आहे त्याच्या घरात. उगाच बोलेन?"

"बरं," तो म्हणाला. "मग आमचं आम्ही बघतो."

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं, हे कबूल करतो. खरं बोलल्याचा तोरा होता तो.

त्या शेवटच्या दिवसाच्या टप्प्याला आधीच्या तीन दिवसांच्या एकूण वेळेतल्या फरकानेच गाड्या सोडल्या होत्या. स्कापुसो चाळीस सेकंद आधी सुटला. त्याच्या पुढे जाऊन पोचलो की अजिंक्यपद आमचं, हिशेब इतका सरळ होता. डिसेंबरचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातलं ऊन, शंभर किलोमीटर झाले आणि आम्ही त्याच्या धुळीत शिरलो. ओविदिओने धडक दिली. स्कापुसोची शेपटी उजवीकडे सरकली. डावी बाजू मोकळी. हा जागचा हलेना.

माझं डोकं फिरलं. सीटमागे टांगलेल्या जाकिटात हात घालून मी ते पाकीट ओढलं आणि त्याच्या नाकापुढे नाचवलं.

"किती घेतलेत, दाजी? बोला! मेंढ्यांची किंमत तरी निघाली का?"

"ठेव ते!" तो ओरडला.

मी फाडलंच. अक्षरं गाडीबरोबर उड्या मारत होती, तरी वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती. डावा डोळा पूर्ण निकामी. गाडी चालवणं ताबडतोब बंद करावं.

कोपराला चाटणारे खांब आठवले, वाकडी मान आठवली.

"मला सांगायचं नाही?" मी त्याच्या कानात बोंबललो.

"सांगितलं असतं तर शेजारी बसला असतास?"

"नसतो बसलो!"

"मग!" तो म्हणाला. समोरून मान न वळवता म्हणाला, "वर्षभर तुझ्या हातावर चालवतोय, गाढवा. डावीकडे तूही बघत नाहीस, त्याला मी काय करू?"

उतरायला हवं होतं. शहाणा माणूस एकच थाप मारून गाडी थांबवतो. मी त्याच्या पाठीमागून मान घालून डाव्या खिडकीशी डोळे नेले. धूळ, गवताची कड, पुन्हा धूळ. मग एकदाचा रस्ता दिसला. मी त्याच्या मांडीवर दोन थापा मारल्या. त्याने एका श्वासाइतकाही विचार केला नाही. आम्ही स्कापुसोच्या दाराला दार घासत पुढे निघालो, आणि ओविदिओने तीन दिवसांची तुंबलेली शिवी एकदाची हासडली. मी रडत होतो. धुळीने, असं तेव्हा म्हणालो.

आनंद वीस किलोमीटर टिकला. मग सांता क्लेमेंसिया आलं आणि मला फोन आठवला.

कोठार रस्त्याच्या डाव्या बाजूला आहे. गावाने त्याच्यावर डांबर फासलं होतं. ओविदिओच्या नावाची नुसती पहिली आणि शेवटची कड उरली होती. शिडी अजून तशीच टेकलेली होती, आणि शिडीवर बासिलिओ उभा. रेडिओवर त्यांनी ऐकलं असणार की आम्ही स्कापुसोला मागे टाकलं. तो एका हाताने डांबर खरवडत होता. रस्त्याच्या उजवीकडे लोक नुसते उभे होते. एकही टोपी उडाली नाही. माझी बहीण तोंडावर हात घेऊन उभी होती.

आम्ही अडीच मिनिटांनी जिंकलो. हार, बाटल्या, फोटो, सगळं झालं. गर्दी ओसरल्यावर ओविदिओ मडगार्डावर टेकला.

"संपलं माझं, नाझारेनो. पुढच्या वर्षी दुसरा बघा." मग हळूच म्हणाला, "गावात कुणी टोप्या नाही उडवल्या रे."

"धूळ होती. कुणाला काय दिसणार?"

"आणि कोठार? त्या बाजूचं मला नाही दिसलं. शेवटचं म्हणून बघायचं होतं. रंगवलंय ना नाव?"

"रंगवलंय," मी म्हणालो. "गेल्या वर्षीपेक्षा मोठं."

तो हसला. हे बोलताना मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.