पलंगाखाली मावली ती मीच

मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो, तंबूच्या कापडाची. माझा रंग पूर्वी हिरवा होता, आता कोणता आहे ते मलाही सांगता यायचं नाही. शाळेत मी एकदाच गेले, तेही घरातल्या थोरल्या मुलाचं दप्तर भिजलं होतं म्हणून. त्यामुळे माझ्या बोलण्यात चुका निघतील. खुशाल काढा. शिवणीत मात्र एक चूक काढून दाखवा, मग बोलू.

मला मास्तरांनी शिवलं. मास्तर तंबूंच्या कारखान्यात कापड बेतायचे. त्यांचं लग्न ठरलं त्याच सुमाराला एका मोठ्या तंबूचा तुकडा उरला. मुकादमाला विचारून त्यांनी तो घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, मला शिवायला घेतलं. सगळीकडे दुहेरी शिलाई, कोपऱ्यांना चामडं, आतल्या बाजूला सुयांसाठी एक चोरखिसा. लग्नानंतर त्यांनी मला नव्या नवरीपुढे ठेवलं.

"ही आपली बेटांवर जायची बॅग," ते म्हणाले.

"आधी बेटं कुठं आहेत ते तरी सांगा," नवरी म्हणाली. तीच आमची बाई. तेव्हापासून तिचं तोंड असंच आहे.

त्याच आठवड्यात कारखान्यात दोनशे तंबूंचं काम आलं आणि बेटं राहून गेली.

बेटांऐवजी मी दवाखाना पाहिला. थोरल्याच्या वेळी बाई मला घेऊन गेली. परत आली तेव्हा माझ्यात ओली दुपटी होती आणि तिच्या कडेवर थोरला. पुढे मी घरं बदलताना भांडी वाहिली, बाजारातून कलिंगडं आणली. एकदा तर शेजारणीच्या मांजरीला माझ्यातच पिल्लं झाली, तेही मी कुणाला बोलून दाखवलं नाही. लोक म्हणायचे, "काय मजबूत बॅग आहे हो!" बाई म्हणायची, "आमच्या ह्यांनी शिवलीय," आणि मग दिवसभर तिचा पाय जमिनीला लागायचा नाही.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आपली हत्यारं माझ्यात भरून आणली. लोखंडी टेप, निळे-पांढरे खडू, मेण लावलेला दोरा, वाकड्या सुया. मग मला माळ्यावर टाकलं. अकरा वर्षं! सोबतीला गिझरचं रिकामं खोकं. त्याच्याशी बोलणार तरी काय? ते आतून पोकळ.

माळा हॉलच्या दाराच्या अगदी वर होता, त्याला पडदा नव्हता. त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू यायचं. मास्तरांना मात्र यायचं बंद झालं होतं. चाळीस शिवणयंत्रांच्या घरघरीत चाळीस वर्षं काढली की दुसरं काय होणार? घर शांत असलं तर ते तुमच्या-माझ्यासारखं ऐकायचे. पण दोन-तीन माणसं एकदम बोलू लागली, त्यात टीव्ही, त्यात भांडी, की त्यांच्या कानात सगळ्याचा लगदा व्हायचा. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, त्यानं लगदाच मोठा केला. मग ते हसायचे, मान हलवायचे आणि "हो, हो" म्हणायचे. घरातले म्हणायचे, बाबा अलीकडे किती शांत झालेत. खरं काय ते एकट्या बाईला ठाऊक होतं, आणि ती गप्प होती. आमची बाई आणि गप्प! यावरून काय ते ओळखा.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. थोरल्यानं आणि सुनेनं एका रविवारी दोन वस्तू आणल्या. एक रंगीत पुस्तक, आणि एक जांभळी सुटकेस. टणक पाठीची, चार चाकांची, पोटात मऊ अस्तर आणि नाक वर. दारातून आली ती गरगर फिरत, जसं काही घर तिच्याच नावावर आहे.

"आई, हे जहाज बघ," थोरला म्हणाला. "तीन हजार माणसं, सहा पोहण्याचे तलाव, रोज नाचगाणी. अख्खं शहर तरंगतं!"

"शहरात तर राहतोच की रे. तेच तरंगायला लावून काय मिळणार?"

सून हसली. "आई, आयुष्यभर कष्ट केलेत, आता मजा करा. बाबा, तुम्हाला आवडलं ना?"

टीव्ही चालू होता. मास्तर हसले. "हो, हो," म्हणाले.

"बघ, बाबांना पसंत आहे!" थोरला खूश.

बाईनं पुस्तक उलटंसुलटं केलं. अगदी शेवटच्या पानावर टपालाच्या तिकिटाएवढा एक फोटो होता. छोटी बोट, फक्त बारा केबिन. दिवसा निळ्या पाण्यातून बेटाबेटांवर जायची, संध्याकाळी एखाद्या बेटापाशी नांगर टाकायची, आणि मग इंजिन बंद. एवढं सुनेनं वाचून दाखवलं, तशी बाईनं चष्मा त्या फोटोला टेकवला.

"ही," ती म्हणाली.

"आई, छोटी बोट जास्त हलते. तिच्यावर दुकान नाही, नाटक नाही. चार दिवस करणार काय तुम्ही दोघं? मी मोठ्या जहाजाचं उद्या पक्कं करून टाकतो."

"उद्या दुपारपर्यंत थांब."

बाईला काय हवं होतं ते मला माळ्यावर बसून कळलं, मित्रांनो. तिला नवरा हवा होता. हसून मान हलवणारा नको, उलट उत्तर देणारा. तीन हजारांच्या गोंगाटात तो तिला एक दिवसही मिळाला नसता, आणि या वयात दुसरी सहल त्यांना पुन्हा कोण काढून देणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिडी लावून वर आली. वय सत्तर!

"आई, पडाल!" सून ओरडली.

"पडले तर खालीच पडेन. तू शिडी धर."

तिनं माझा कान, म्हणजे एका बाजूचा बंद, धरून मला ओढलं. अकरा वर्षांची धूळ तिच्या डोक्यावर सांडली, मला तर फार बरं वाटलं. हॉलमध्ये आणून तिनं मला उलटी केली, टेप आणि खडू काढले आणि खुर्च्या भिंतीला लावायला सांगितल्या.

कारखान्यात एक पद्धत होती. तंबू कापायच्या आधी तो पुऱ्या मापानं जमिनीवर खडूनं आखायचा. मग कुणीतरी त्यात आडवं होऊन बघायचं, पाय बाहेर जातात का. बाईनं ही पद्धत डबा द्यायला जाता-येता पाहिली होती. अक्षरं तिला अडवायची, आकडे कधीच नाही. सून पुस्तकातून मापं वाचत गेली, मास्तरांनी टेपचं टोक धरलं, आणि बाईनं छोट्या बोटीची केबिन हॉलमध्ये आखली. दार, पलंग, मोरी, खिडकी. खडूची रेघ पाहिली आणि मास्तर एकदम ताठ झाले. त्यांनी तिच्या हातातून खडू घेतला. "कोपरा चुकलाय," म्हणाले, आणि काटकोन करून दिला.

मग बाईनं आरक्षणवाल्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"केबिनपासून इंजिन किती लांब आहे?"

"मॅडम, हे पहिल्यांदाच कुणी विचारतंय."

"मग इतके दिवस लोकांनी विचारलं काय?"

"खिडकीतून काय दिसतं ते." तो हसला, पण माणूस सरळ होता. "मागच्या केबिनमध्ये घरघर येते. पुढच्या केबिनमध्ये पहाटे नांगराची साखळी खडखडते."

"साखळी वाजेल आणि गप्प बसेल. पुढची केबिन आमच्यासाठी धरून ठेवा. दुपारी कळवते."

थोरला कंटाळला होता. "आई, हे सगळं ठीक आहे. पण मोठं जहाज का नको ते तर सांग!"

"सांगते. तू टीव्ही लाव. मोठ्यानं. सूनबाई, मिक्सर चालू कर. रिकामाच फिरू दे. आणि तू रे, बायकोशी बोल, हसून बोल, तिथं लोक हसतातच की. हा झाला तुमच्या जहाजाचा जेवणाचा हॉल."

घर दणाणलं. बाई मास्तरांच्या शेजारी बसली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, घराला आग लागलीय."

मास्तर हसले. मान हलवली. "हो, हो."

थोरल्याच्या तोंडचं हसू तसंच राहिलं. सुनेनं मिक्सर बंद केला. थोरल्यानं टीव्ही बंद केला. काय झालं ते मास्तरांना कळलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले. पन्नास वर्षांत बाईनं त्यांना चारचौघांत कधी उघडं पाडलं नव्हतं. ती पटकन जमिनीवर उतरली, खडूच्या पलंगावर बसली आणि त्यांचा हात धरून त्यांनाही खाली घेतलं.

"रागावलात?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बरं केलंस. दहा वर्षं नुसती मान हलवतोय. मान दुखायला लागली."

"मग कुठं जायचं?"

मास्तरांनी खडूच्या रेघेवरून हात फिरवला. "या बोटीत. हिच्यात तुझं ऐकू येईल."

थोरला वडिलांजवळ येऊन उकिडवा बसला. "बाबा, मला सांगायचं होतंत."

"सांगणार होतो रे. पण तू नेहमी काहीतरी बोलत असायचास."

यावर बाई अशी हसली की मास्तरही हसले, थोरलाही, डोळे पुसत.

आता राहिली जांभळी. "सामान कुठं ठेवायचं?" सुनेनं विचारलं आणि पुस्तकात पाहिलं. पलंगाखाली जागा होती, एक वीत आणि चार अंगुळं. बाईनं तेवढ्या उंचीवर दोन खुर्च्यांमध्ये फळी टेकवली. जांभळीला आडवी केली. गेली नाही. उभी केली. गेली नाही. दारात ठेवली तर मास्तरांना मोरीत जायला तिच्यावरून उडी मारावी लागली असती. सून बारीक अक्षरं वाचू लागली: "टणक बॅगा बोटीवर आणू नयेत. मऊ, घडी होणारी बॅग आणावी." आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

बाईनं मला पायानं हलकेच सरकवलं. मी अंग चोरलं, पोट आत घेतलं आणि सुळकन फळीखाली गेले. मित्रांनो, तो क्षण मी कुठल्याही खजिन्याशी बदलणार नाही. जांभळी भिंतीला टेकून उभी होती. तिची चारही चाकं गप्प.

दुपारी थोरल्यानं स्वतः फोन करून छोट्या बोटीची पुढची केबिन पक्की केली. सुनेनं मला गरम पाण्यानं पुसलं, चेनवर मेणबत्ती घासली आणि हळूच म्हणाली, "चुकलंच माझं, तुला भंगारात देणार होते." मी मोठ्या मनानं ऐकून घेतलं.

धक्क्यावर पोहोचलो तर तिथं रडारड. चौघाजणांनी टणक सुटकेस आणल्या होत्या, त्या किनाऱ्यावरच ठेवाव्या लागल्या आणि त्यांचे कपडे प्लॅस्टिकच्या पोत्यांत भरले. माझी पाळी आली तेव्हा खलाशानं मला उचललं, थबकला, आणि माझी शिवण उलटून पाहिली.

"ही कुणी शिवली?"

"ह्यांनी," बाई म्हणाली. "आमच्या लग्नासाठी." हे ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की धक्क्यावरच्या पक्ष्यांनीही वळून पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं डेकवरचं सावलीचं कापड टरकन फाटलं. ऊन असं की उघड्यावर बसवेना. खलाशी दोरी शोधत होता. मास्तरांनी माझ्या चोरखिशात हात घातला आणि वाकडी सुई काढली. ती तिथंच होती, मी अकरा वर्षं सांभाळलेली. जेवणाच्या वेळेपर्यंत कापड पुन्हा वर चढलं, दुहेरी शिलाईनं, आणि त्याच्या सावलीत बावीस जण बसले. कप्तान येऊन मास्तरांपुढे वाकला. मास्तरांनी मान हलवली नाही. चक्क बोलले: "दुसऱ्या बाजूची शिवणही सैल आहे. ती उद्या बघतो."

संध्याकाळी एका बेटापाशी नांगर पडला. माडांच्या मागं आभाळ तांबूस झालं होतं. इंजिन थांबलं. सगळे होडीतून वाळूवर गेले, हे दोघं डेकवरच राहिले. मास्तर कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होते. बाई त्यांच्या मागं, मला पाठीशी घेऊन बसली होती. ती हळूच, अगदी स्वतःशी बोलावं तशी म्हणाली, "आधी बेटं कुठं आहेत ते तरी सांगा."

मास्तरांनी मागं न बघता समोर हात केला. "ही काय. उशीर झाला थोडा."

मग बाई जी बोलायला लागली ती चार दिवस थांबली नाही. दहा वर्षांचं साठलं होतं. चौथ्या दिवशी मास्तर म्हणाले, "अगं, जरा दम घे!" आणि बाईचा चेहरा असा फुलला, जसा काही कुणी तिच्या गळ्यात हार घातला.

आता मी माळ्यावर नसते. दाराजवळच्या खुंटीवर असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवून. तुम्हाला तीनच गोष्टी सांगते. माझ्यासारख्या जुन्या बॅगेत ओले कपडे कोंबू नका, आणि तिच्या चेनवर अधूनमधून मेणबत्ती घासा. आणि घरातलं जुनं माणूस नुसती मान हलवत असेल, तर त्याच्यावर ओरडू नका. उठा, टीव्ही बंद करा, त्याच्या शेजारी बसा आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारा. उत्तर येईल. पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रश्नाचं आलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि माझे दोन्ही कान मास्तरांनी दुहेरी शिलाईनं लावलेले आहेत.