पायाळूचा पाय

दौंडला रेल्वेतल्या मामाच्या ओट्यावर रोज सकाळी चार-पाच माणसं पालथी पडलेली असत. बहुतेक स्टेशनावरचे हमाल. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्याचा, पाय लावून घ्यायचा. उसण उतरते, अशी आपल्याकडची समजूत. मी पायाळू. मी डाव्या पायानं कमरेवर दाबायची, माणूस 'आई गं' म्हणायचा आणि उठून कामाला जायचा. पैसे घ्यायचे नाहीत आणि कुणाला नाही म्हणायचं नाही, असा रिवाज.

खरं तर मला दौंडला लपवून ठेवलं होतं. लपवायची ही तऱ्हा. मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं पहिल्याच आठवड्यात यार्डभर सांगून टाकलं होतं, "भाची पायाळू हाय आमची."

तीन वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, शिरूरकडच्या आमच्या गावात साहेबरावानं मला धरलं होतं. हा पूर्वी सोसायटीचा सेक्रेटरी. पांढरंशुभ्र धोतर आणि गोड बोलणं. त्याच्या चौघांच्या टोळीला गुप्तधन हवं होतं, आणि पायाळूचा बळी दिल्याशिवाय जमिनीतला हंडा वर येत नाही असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. माझ्या आधी त्यांनी एका मेंढपाळाचं पोरगं मारलं होतं. मला टेकडीवर नेऊन कपाळाला कुंकू फासलं, आणि तेवढ्यात खाली पाझर तलावाच्या कामावर सुकडीची, म्हणजे मजुरांना वाटायच्या गोड पिठाची, गाडी आली. चौघेही कोयता टाकून नंबर लावायला पळाले. मी दुसऱ्या अंगानं घर गाठलं. पुढे दोघे तुरुंगात गेले, हौशीराम नावाचा गडी पळून गेला आणि साहेबराव पुराव्याअभावी सुटला. सुकडीची गोष्ट ऐकून लोक पोट धरून हसायचे. मीही हसायची, आणि झोपताना दाराची कडी तीनदा बघायची.

यंदा नव्या दहावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट बघत होते. वैशाखातली सकाळ. ओट्यावर एक धोतरवाला पालथा पडला होता. मी त्याच्या कमरेवर पाय ठेवला. त्यानं मान वळवली.

"बरी हायेस का, चांगुणा?" साहेबराव म्हणाला. "लई उंच झालीस."

माझा पाय त्याच्या पाठीवरच राहिला. उचलायचं सुचेना.

"ओरडू नगंस," तो हळूच म्हणाला. "ओरडलीस तर आमची मानसं शिरूरला जातील. तुझा भाऊ मळ्यात एकलाच असतोय." मग उठून मोठ्यानं म्हणाला, "पोरी, गाडीत म्हातारी हाय. उसण भरलीय, उतरता येत न्हाई तिला."

मामीनं साहेबरावाला कधी पाहिलं नव्हतं. मी दाराशी जाऊन म्हणाले, "मामी, मी नाही जात."

"उसणीला न्हाई म्हणू नये," मामी चुलीपुढून म्हणाली. "पाप लागतं. जा." रिवाज म्हणजे रिवाज. मी गेले.

बैलगाडी हौशीराम हाकत होता. वैरणीतून कोयत्याची मूठ दिसत होती. मागे आमच्या गावची सुईण झुंबरबाई बसली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला वाटत होतं की कसल्याशा दाखल्यासाठी साक्ष द्यायला नेतायत.

"मागल्या बारीला चूक झाली," साहेबराव पुढून म्हणाला. "मेंढपाळाचं पोरगं पायाळू न्हवतंच. लोकांनी सांगितलं, आमी इस्वास ठेवला. आता दाखल्याबिगर काम न्हाई. हिनं तुझ्या आईचं बाळंतपण केलंय. ही सांगंल." चुकीची पावती फाडल्यासारखं बोलत होता.

गाडी भीमेकडं वळली तशी झुंबरबाई माझ्या कानाशी लागली. "पर चांगुणे, तू तर डोक्याकडनं आलीस. पायाकडनं आला तो ज्ञानू, तुझ्या मागनं पाव तासानं. तुझ्या आईनं मला शपत घातली. म्हनली, गावात पोरगीच पायाळू म्हनून सांगा. धनाच्या पायी लोक पोरं नेत्यात."

आम्ही जुळी. खोलीत आई आणि ही, तिसरं कुणी नव्हतं.

मला भीती वाटायला हवी होती, पण आधी राग आला. कळायला लागल्यापासून मी हे पाय लोकांच्या पाठींना लावत आले. आईच्यासुद्धा. आणि तिला ठाऊक होतं. आता एक वाक्य बोलायचं, तेही खरं, की मी सुटले. ते वाक्य जिभेवर आलं होतं. मग मला ज्ञानू आठवला. दुष्काळात तो स्वतःची सुकडी फडक्यात बांधून माझ्यासाठी ठेवायचा, आणि मी ती खाताना तोंड फिरवून बसायचा.

नदीकाठी बाभळींत दोन पुरुष उंचीएवढा खोल खड्डा खणलेला होता. ऊन डोक्यावर आलं होतं.

"सांग म्हातारे," साहेबराव म्हणाला, "पायाळू हीच का?"

मी झुंबरबाईच्या मनगटात नखं रुतवली. "हो म्हण," मी पुटपुटले. तिनं मोतीबिंदूचे डोळे माझ्याकडं वळवले.

"हीच," ती म्हणाली.

हौशीराम शिडीनं खड्ड्यात उतरला, तळाशी दिवा लावायला. कोयता वर काठावर होता, साहेबरावाच्या हाताशी. बळीचे पाय धुवायचे म्हणून तो तांब्या घेऊन वाकला आणि तसाच राहिला. सकाळची उसण खोटी होती, ही खरी.

"आयाया," तो कण्हला आणि काठावरच पालथा झाला. "हौशा, थांब रं. आधी पाय लावून घेतो."

"आण्णा, बारा वाजत्यात," खालून आवाज आला. "आधी काम उरकू."

"हिला मारल्यावर पायाळू कुठनं आनू?"

मी डावा पाय साहेबरावाच्या कमरेवर ठेवला.

"जरा खालती. हां, तिथंच. दाब आता."

मी दाबलं. अंगात होता नव्हता तेवढा जोर खड्ड्याच्या बाजूला लावला. साहेबराव घरंगळत थेट हौशीरामच्या अंगावर जाऊन पडला. मी शिडी वर ओढली, कोयता वैरणीत टाकला, झुंबरबाईला गाडीत चढवलं आणि मामा ड्युटीला होता त्या रेल्वे फाटकापर्यंत बैल पळवत नेले. पोलीस गेले तेव्हा दोघं खड्ड्यातच एकमेकांना शिव्या देत होते. साहेबरावानं जबाबात सांगितलं म्हणे, की पाय लागताच उसण गेली, पोरगी अस्सल पायाळू आहे. मामा ते अजून यार्डात सांगतो.

तिसऱ्या दिवशी शिरूरच्या एसटीनं आई आणि ज्ञानू आले. आई मला पोटाशी धरून रडली. मग प्रवासानं पाठ धरली म्हणून ओट्यावर पालथी झाली. "चांगुणा, पाय लाव गं."

मी उभी राहिले. आत ज्ञानू मामीपाशी शेंगा फोडत बसला होता.

"झुंबरबाईनं मला सांगितलं," मी म्हणाले. "ज्ञानूलाच बोलवू का? खरा पाय त्याचा."



"नगं," ती जमिनीकडं तोंड करूनच म्हणाली. "त्याला कळू देऊ नगंस."

मी तिच्या कमरेवर पाय ठेवला आणि दाबला, लागेल इतका. ती 'आई गं' म्हणाली नाही. नुसती पडून राहिली, आणि मीही पाय काढला नाही.