आत्या पाण्याला उठते तेव्हा

घरात आणि दुकानात सगळे तिला ‘डॉक्टर’ म्हणत, आणि त्यात कौतुकाचा अंशही नव्हता. मॅनेजमेंटमधल्या पीएच.डी.साठी तिने आजवर दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा विद्यापीठाने जागा दिली, पण फेलोशिप दिली नाही. म्हणजे या, बसा, वाटेल तितकं वाचा, जेवायचं मात्र आपापलं बघा. तेव्हा काकाने हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की शिलाई विभागातली एक बाई डोकं दुखलं की थेट तिच्याकडे गोळी मागायला येई. डॉक्टर निमूटपणे गोळी देई. करते काय!

घराण्याचा धंदा गाद्या-उशांचा. पुढे दुकान, मागे कारखाना आणि मधल्या खोलीत न खपलेल्या गाद्या. धंद्यात भागीदार तीन: डॉक्टरचे बाबा, धाकटा काका आणि या दोघांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. बाबा बोलत, काका त्यांच्या बोलण्यात दुरुस्त्या सुचवी, आणि आत्या शिलाई विभाग सांभाळून गप्प बसे. भागीदारांची मीटिंग त्या मधल्या खोलीतच भरायची आणि टिपण घ्यायला डॉक्टर असायची.

त्या गाद्या का खपल्या नाहीत, हे त्यांच्यावर बसल्याशिवाय कळत नसे. माणूस बसला की कंबरेपर्यंत आत जाई. उठायचं तर आधी कुशीवर वळा, मग चाचपडत भिंत शोधा, मग एक गुडघा, मग दुसरा, आणि मध्येच कुणी हसलं तर पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे मीटिंग संपेपर्यंत कुणी जागचं हलत नसे. अपवाद एकट्या आत्याचा. ती मध्येच कधीतरी उठायची आणि पलीकडच्या खोलीत पाणी पिऊन यायची.

बाकी कुणाच्या नजरेत हे कधी आलं नाही. डॉक्टरच्या आलं, आणि त्यावरच तिने तिसऱ्यांदा अर्ज ठोकला. विषय होता, ‘कौटुंबिक उद्योगात निर्णय नक्की घेतं कोण?’ बाबांना विषय कळला तेव्हा ते म्हणाले, “मी घेतो. झाली की तुझी पीएच.डी. आता उशांच्या खोळी मोजून घे.”

मुलाखतीला समोर तीन प्राध्यापक होते. मधल्या अध्यक्षांना जबर सर्दी झाली होती. उजवीकडचे सबंध वेळ बिस्किटांच्या बशीकडे बघत होते, पण आधी हात कुणी घालायचा यावर अडले होते. डावीकडच्या बाई कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधत होत्या. डॉक्टरला जागा मिळाली, तर या बाईच तिच्या गाईड व्हायच्या होत्या.

“तुमच्या कारखान्यात निर्णय कोण घेतं?” बाईंनी विचारलं.

“बाबा.”

“बरं.”

“असं बाबांना वाटतं.”

तिघांनीही माना वर केल्या. मग डॉक्टरने गोल गादीची हकिगत सांगितली. बाबांच्या डोक्यातून एकदा गोल गादी निघाली. काकाने तिला गोल चादर जोडली. दोघे भाऊ अगदी रंगात आले होते आणि तेवढ्यात आत्या उठून पाण्याला गेली. ती परत येऊन बसते न बसते तोच बाबा म्हणाले, “पण माणसाने पाय कुठे करायचे?” झालं. गोल गादी तिथेच संपली. पुढे गाणी म्हणणारी उशी निघाली. आत्या उठली, उशी मुकी झाली. सुगंधी गादी, घडीची गादी, बैलांसाठी गादी, सगळ्यांची तीच गत. मानेच्या उशीच्या वेळी मात्र आत्या बसून राहिली, आणि ती उशी हातोहात खपली.

“हा योगायोग असू शकतो,” अध्यक्ष नाक पुसत म्हणाले.

“म्हणूनच तर फेलोशिप पाहिजे, सर.”

उजवीकडचे खदखदून हसले आणि त्या भरात त्यांनी बिस्कीट उचललं. अशा रीतीने डॉक्टरची निवड झाली.

पण अट होती. तिने मीटिंगमध्ये बसून भागीदारांचं निरीक्षण करावं, याला तिन्ही भागीदारांची लेखी संमती हवी, आणि तीही महिनाअखेरीच्या आत. नाहीतर फेलोशिप यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, जो ऑफिसातल्या कुंड्यांचा कारकुनांच्या मनावर काय परिणाम होतो ते शोधणार होता. पुढच्या वर्षी डॉक्टर वयाच्या मर्यादेबाहेर जात होती. म्हणजे या खेपेला हुकलं तर संपलं. मग जन्मभर त्या गादीत रुतून, बैलांच्या गादीवर कोण काय म्हणालं, ते लिहीत बसायचं. 

संमतीचा विषय आता मीटिंगमध्ये काढायला हवा होता, आणि मीटिंगमध्ये आत्या उठू शकत होती.

डॉक्टरने पुष्कळ डोकं खाजवलं. मग तिने घरातला पाण्याचा सगळ्यात मोठा जग घेतला, काठोकाठ भरला आणि मीटिंगच्या आधी आत्याच्या हाताशी नेऊन ठेवला. शेजारी पेला ठेवला. शिवाय आत्याच्या बुडाखाली सगळ्यात मऊ गादी सरकवली. ज्याचं निरीक्षण करायचं त्याच्यात ढवळाढवळ करायची नाही, हे संशोधनाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याला आत्या नसावी.

“म्हणजे शिकायचं तू, आणि वर पैसे ते देणार?” काकाने भुवया चढवल्या. “यात काहीतरी गोम आहे.”

“गोम नाही हो काका. फेलोशिप आहे.”

“आमचं निरीक्षण करणार म्हणजे काय करणार?”

“तुम्ही बोलाल ते बघायचं.”

“मग आजवर काय करत होतीस?”

“ऐकत होते.”

बाबांना मात्र कल्पना एकदम पसंत पडली. आपल्या कारभारावर कुणी जाडजूड पुस्तक लिहिणार, याने त्यांची छाती त्या गादीतही फुगली. “लिही, लिही,” ते म्हणाले. “मुखपृष्ठावर माझा फोटो टाक. डाव्या बाजूने.” काकाने फोटोत आपणही असावं, अशी दुरुस्ती सुचवली. ती मान्य झाली. असा आनंदीआनंद चालला असताना डॉक्टर डोळ्याच्या कोपऱ्यातून आत्याकडे बघत होती.

आत्याने पेला भरला आणि प्याली. थोड्या वेळाने दुसरा प्याली. मग तिसरा. बाबा फोटोतल्या कोटाच्या रंगावर आले, तोवर जगाचा तळ दिसायला लागला होता. आणि आत्या जागची हलली नव्हती! डॉक्टर मनातल्या मनात नाचत होती. तिने पिशवीतून संमतीचे कागद काढले, पेनाचं टोपण काढून ते बाबांच्या हातात दिलं.

तेवढ्यात आत्या कुशीवर वळली.

तिने भिंत चाचपली. एक गुडघा टेकला.  दुसरा गुडघा टेकला आणि आत्या उभी राहिली. लागलीच बाबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“नाही म्हणजे, मी काय म्हणतो,” बाबा म्हणाले, “एवढी घाई काय आहे?”

“तेच म्हणतो मी,” काका म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

“आत्या, बस!” डॉक्टर किंचाळली. “बस खाली! तू उठलीस की हे दोघे नाही म्हणतात!”

 मग डॉक्टरने सगळं ओकून टाकलं. गोल गादी सांगितली, गाणारी उशी सांगितली, बैल सांगितले, आणि पाण्याने भरलेल्या जगाची जी लबाडी केली तीही सांगितली. आपल्याच हाताने आपण सगळ्यावर पाणी फिरवलं म्हणून तिला रडूच फुटलं.

“काहीतरीच!” बाबा कडाडले. “इथे निर्णय मी घेतो. ताई, तूच सांग हिला!”

आत्या दारात पोचली होती आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होती.

“गोल गादीच्या वेळी मला खरंच तहान लागली होती,” ती म्हणाली. “परत आले तर गादी गायब! म्हटलं, वा! जे बोलून कधी जमलं नाही, ते पाणी पिऊन जमलं. तेव्हापासून लागली सवय.”

“अगं, मग तोंडाने सांगायचं ना!”

“विचारलंत कधी?” आत्या म्हणाली. “आज या पोरीसाठी सगळं पाणी बसल्या जागी प्यायले. जागची हलले नाही. पण बाई गं, जग केवढा आणलास! आता मला जाऊ द्या, नाहीतर तुमची आणखी एक गादी विकायच्या लायकीची राहणार नाही.”

आणि ती गेली. तिच्यामागे दोघे भाऊ गादीत रुतून एकमेकांकडे बघू लागले.

“आपण विचारलंय ना रे तिला कधीतरी?” काकाने हळूच म्हटलं.

बाबांनी खूप आठवून पाहिलं. “विचारलंय की. शिलाई मशीन कोणत्या रंगाचं हवं म्हणून.”

“मग?”

“मग निळं आणलं.”

“तिने निळं सांगितलं होतं?”

“नाही.”

डॉक्टरला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. आत्या उठते ते तिने इतकी वर्षं बारकाईने पाहिलं होतं, त्यावर मुलाखतीत तिघांना हसवलं होतं, पण का उठतेस म्हणून तिनेही कधी विचारलं नव्हतं.

आत्या परत आली आणि दारातच थांबली, कारण तिघेही तिच्याकडे बघत होते. बाबांनी घसा साफ केला.

“ताई,” ते म्हणाले, “तुला काय वाटतं?”

आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. तिला सवयच नव्हती. ती हळूहळू येऊन आपल्या जागी बसली आणि कंबरेपर्यंत आत गेली.

“आधी जरा पाणी द्या,” ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टरने जग उचलला. तो रिकामा होता. कुणीतरी उठायला हवं होतं, आणि कुणी उठलं की काय होतं ते आता सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणीच हलेना. मग बाबा कुशीवर वळले. त्यांनी भिंत शोधली, एक गुडघा टेकला, घसरले, काकाने मागून ढकललं, दुसरा गुडघा टेकला आणि मालक उभे राहिले. पलीकडच्या खोलीतून ते पेला घेऊन आले. निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं.

आत्याने ते सावकाश प्यायलं. पेला खाली ठेवला.

“पोरीला शिकू द्या,” ती म्हणाली. “कागद इकडे आण गं, पहिली सही माझी. यापुढे टिपण काका घेईल, तू नुसतं बघ. आणि मशीन मला हिरवं हवं होतं.”

सह्या झाल्या. डॉक्टरने कागद छातीशी धरले. तिच्या संशोधनाची पद्धत नुकतीच खलास झाली होती. यापुढे आत्या उठली तर तिला फक्त तहान लागलेली असणार होती, आणि गाईडबाईंना हे कसं सांगायचं याची तिला काडीचीही कल्पना नव्हती. तरी इतका आनंद तिला निवड झाली त्या दिवशीही झाला नव्हता.

“पण पुस्तकात असंच लिहायचं हं,” बाबा पुन्हा गादीत उतरत म्हणाले, “की निर्णय मी घेतला.”

“लिहिते की, बाबा,” डॉक्टर म्हणाली. “आणि पाणीही तुम्हीच आणलंत, तेही लिहिते.”