बाटलीतली सही

तपकिरीच्या बाटलीत आतून चित्र काढायचं म्हणजे सगळा उलटा कारभार. बोटभर उंचीची काचेची बाटली, मान इतकी अरुंद की वाटाणा अडकावा. त्या मानेतून वाकड्या टोकाचा कुंचला घालायचा आणि बघणाऱ्याला जे सगळ्यात पुढे दिसणार ते आधी रंगवायचं. भुवई आधी, कपाळ मागून. सही तर पहिल्याच दिवशी करायची, तीही उलटी. एकदा तिच्यामागे आभाळ भरलं की तिला कुणाच्या बापाला हात लावता येत नाही.

चीनमधल्या बोशान गावच्या थान रुईफंगनं तेवीस वर्षं अशा बाटल्या रंगवल्या आणि प्रत्येकीवर सही केली ती मंग शिफूंची, म्हणजे तिच्या उस्तादांची. शिष्यानं राबायचं आणि नाव गुरूचं लागायचं, असा तिथला रिवाज. शिफूंचे हात गेली दहा वर्षं थरथरत होते, तरी त्यांच्या नव्या बाटल्या बाजारात येतच होत्या. लोकांना कळत नव्हतं थोडंच! पण डोळ्यांवर कातडं ओढून घेण्यात सगळ्यांचंच भलं होतं.

त्या वर्षी प्रांताच्या कारागीर मंडळानं उस्तादाच्या पदवीसाठी अर्ज मागवले. स्वतःच्या सहीची एक बाटली द्यायची आणि वय पन्नाशीच्या आत हवं. रुईफंगला एकोणपन्नासावं सरत आलं होतं. तिनं धीर करून विचारलं, तर शिफू चक्क हो म्हणाले. मग चार महिने खपून तिनं आपली आई रंगवली, काचेच्या भट्टीच्या दारात बसून वाफाळता मांटो पाव खाणारी. आईचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. होती ती एवढीच, रुईफंगच्या डोळ्यांपुढे.

मंडळाच्या कचेरीतल्या बाईंनी बाटलीवर भिंग धरलं. चित्र फार सुंदर आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण ताई, सही मंग शिफूंची आहे."

रुईफंगनं भिंग हिसकावूनच घेतलं. खरंच होती. पहिल्या दिवशी मनात आईचा चेहरा जुळवता जुळवता हातानं आपलं रोजचं काम उरकून टाकलं होतं. जित्याची खोड! नंतर चार महिने ती सही डोळ्यांसमोर होती, पण रोजची सही कोण वाचत बसतं? तिला स्वतःच्या हाताची किळस आली. दुसरी बाटली रंगवायला वेळ नव्हता, मुदतीला चारच दिवस उरले होते. बाईंना दया आली. चित्र हिचंच आहे असं शिफूंनी लिहून दिलं तर चालेल, म्हणाल्या.

ती तडक शिफूंच्या घरी गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, थोडे हसलेही.

"लिहून दिलं असतं गं पोरी. पण मग लोक विचारतील, बाकीच्या कुणी रंगवल्या?"

"विचारू देत की."

"म्हणजे म्हातारपणी माझं तोंड काळं करणार तू?"

तेवीस वर्षांत ती त्यांना कधी उलटून बोलली नव्हती. शिफूंनी बाटली खिडकीकडे धरली, बराच वेळ निरखली आणि खूश होऊन म्हणाले, "ठेवून जा ही. अगदी माझ्या हातची वाटते."

रुईफंगनं बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. मोरीपाशी जाऊन तिच्यात कोमट पाणी भरलं आणि तोंडावर अंगठा दाबून हलवायला लागली. आधी आभाळ गेलं. मग भट्टी गेली, मग आई. सही काचेला धरून होती, ती सगळ्यात शेवटी सुटली.

"वेड लागलं का तुला?" शिफू धडपडत उठले. "चार महिन्यांचं काम!"

"मला सहीच धुवायची होती, शिफू. बाकीचं तिच्या वाटेत आलं."

स्वच्छ बाटली तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि आता तुमची तुम्ही रंगवा म्हणून सांगितलं. गल्लीच्या तोंडापर्यंत ती ताठ चालत गेली. तिथं मात्र तिला रडू आवरेना.